बर्फातल्या बोटीची उजनीवरची तालीम

अंथुर्ण्याच्या जयवंतानं नवऱ्याकडं हट्ट म्हणून जन्मात एकच केला, आणि तोही नातवंडं झाल्यावर. कुणी पाटल्यांचा करतं, कुणी काशीचा करतं. हिनं केला तो बर्फाचा.

झालं असं की लेक माधवी नोकरीनिमित्त नॉर्वेत राहायला गेली, आणि एका रविवारी फोनवर म्हणाली, "आई, फेब्रुवारीत तुम्ही दोघं इकडं या. इथं मोठी बोट असते, काठाकाठानं वर वर जाते. दोन्ही बाजूंनी डोंगर, पार पाण्यापर्यंत बर्फ. काही करायचं नाही, बसायचं आणि बघायचं. मी दोन तिकिटं काढतेय." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत जयवंता "व्हय" म्हणून बसली. शेजारी खाटेवर दत्तोबा होते. ते दारातून उसाकडं बघत राहिले.

दत्तोबा म्हणजे सरळ माणूस. उसाची शेती, कारखान्याचं सभासदत्व, गळ्यात माळ, तोंडात शिवी नाही. पण सगळ्यात मोठी त्यांची ख्याती दारं धरण्यात. कालव्याला पाणी सुटलं, आपली पाळी आली, की खोरं खांद्यावर टाकून हा माणूस शेतात उतरायचा, आणि एका सरीचं तोंड मातीनं दाबून दुसरीचं उघडत पाणी असं फिरवायचा की टोकाच्या उसाला वाटावं पाणी पहिल्यांदा आपल्याकडंच आलं. घोट्याएवढ्या पाण्यात अख्खा जन्म गेला. ते पाणी त्यांचं ऐकायचं. त्यांच्या खोऱ्याला मात्र दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, पोटच्या पोरानंसुद्धा. रविराज, त्यांचा थोरला, चाळिशीला आला तरी त्याचं खोरं वेगळं आणि बापाचं वेगळं.

"फेब्रुवारीत पाळी आसती," दत्तोबा म्हणाले.

"रविराज हाय की."

"म्हस व्यायचीय तवाच."

"सूनबाई हाय."

"आन् गुडघ्याचं काय? तितल्या गारठ्यात धरलं म्हंजी?"

जयवंतानं विषय तिथंच सोडला. नवऱ्याला ती चांगली ओळखून होती. दत्तोबांनी एक कारण सांगितलं तर ते खरं असायचं. तीन सांगितली की तिन्ही खोटी. खरं चौथं पोटात असायचं, आणि ते काढायला गेलं की माणसाची गोगलगाय झालेली.

आता हिला बर्फाचं एवढं वेड कुठून, असं कुणालाही वाटेल. वेड बर्फाचं नव्हतंच, बोटीचं होतं. जयवंताचं माहेर भिगवणच्या पुढं, उजनीच्या पाण्याच्या काठाला. धरणात जमीन गेल्यावर तिच्या बापानं होडी घेतली आणि मासे धरायला लागला. ही परकर खोचून पहाटे बापाबरोबर जाळी उचलायला जायची. हिवाळ्यात पाण्यावरून वाफ निघायची, पलीकडचा काठ दिसायचा नाही, आणि होडीच्या टोकाला बसलेल्या त्या पोरीला वाटायचं की हे सगळं आपलंच आहे. पवायला तर ती अशी शिकली होती की गावातली पोरं तिच्याशी पैज लावायची बंद झाली. लग्न ठरलं तसं आईनं सांगितलं, "पवायचं बिवायचं तिकडं बोलू नगंस. सासरची मान्सं म्हंतील पोरगी पानकोंबडीवानी वाढलीया." जयवंता बोलली नाही. सासरी आली, तर इथं पाणी म्हणजे सरीत मावेल तेवढं. विहिरीवर जायचं ते कपडे धुवायला. तिला त्या मोठ्या पाण्याची फार आठवण यायची, पण ती कुणाला सांगणार, आणि सांगून करणार काय? पोरं झाली, ती मोठी झाली, आणि आठवण तशीच आत राहिली.

म्हणून माधवी "बोट" म्हणाली तेव्हा हिच्या तोंडून "व्हय" निघून गेलं.

एक गोष्ट मात्र तिनं मनाशी पक्की केली होती. दत्तोबा आले तर जायचं, एकटीनं नाही. उभ्या जन्मात जे बघितलं ते दोघांनी मिळून बघितलं, मग एवढं मोठं एकटीनं बघून करायचं काय? आणि हे त्यांना सांगायचंही नाही. सांगितलं असतं तर बिचारे मन मारून आले असते, आणि जयवंताला ते नको होतं. त्यांनी आपल्या मनानं यायला पाहिजे होतं.

मधल्या काळात माधवीनं कपड्यांचं पार्सल पाठवलं आणि रोज फोनवर एकेक धडा द्यायला सुरुवात केली. आई, थंडीत एकच जाड कपडा घालायचा नाही, पातळ कपड्यांचे थर घालायचे. सुती मोजे नकोत, ओले झाले की पाय गारठतात, लोकरीचेच. बोट हलून मळमळलं तर मधल्या भागात बसायचं आणि लांब डोंगराकडं बघत राहायचं, खाली बघायचं नाही. रिकाम्या पोटी राहायचं नाही आणि तट्ट फुगून जेवायचंही नाही, आल्याचा तुकडा जवळ ठेवायचा. मोबाईल आतल्या खिशात, गारठ्यानं त्याची बॅटरी मरते. आणि जे बघण्यासारखं असतं ते सकाळी लवकर असतं, तेव्हा अंथरुणात लोळत पडायचं नाही.

शेवटच्याला जयवंता हसली. "मला सांगतीस व्हय गं, लोळू नगंस म्हून?"

थरांचंही तिला नवल वाटलं नाही. उसात शिरायचं तर पाचटानं अंग कापतं, म्हणून सगळ्याच बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, त्यावर डोक्याला टॉवेल. दत्तोबांचे किती शर्ट तिनं असे अंगावर झिजवले त्याचा हिशेब नव्हता. फरक एवढाच की माधवीचे थर मऊ होते.

दत्तोबांनी मात्र पार्सलाकडं ढुंकून बघितलं नाही. मग एक दिवस जयवंता भाकरी थापता थापता म्हणाली, "आवो, आपुन एकदा हितंच बसून बघू की होडीत. माज्या भावाचा लखन पक्षी दाखवाय नेतो लोकास्नी. थंडीबी हाय. ती कापडं घालू, तासभर फिरू. जमलं तर जमलं."

"तालीमच म्हन की," दत्तोबा म्हणाले.

"व्हय. तालीम."

तालमीला नाही म्हणायला त्यांना कारण सुचलं नाही. एकच सुचलं असतं तर त्यांनी ते सांगितलं असतं.

ठरल्या दिवशी रविराजनं दोघांना गाडीतून काठावर सोडलं, तेव्हा तांबडं नुकतं फुटत होतं. दत्तोबांचा थाट काय वर्णावा. आत अंगाला चिकटलेले लोकरी कपडे, त्यावर धोतर, त्यावर सदरा, त्यावर ते गुबगुबीत निळं जाकीट, कानटोपीवर पुन्हा फेटा, आणि पायात गुडघ्याला टेकणारे बूट. जयवंतानं साडीवर आपलं जाकीट घातलं होतं, पण त्याच्या आत, सवयीनं, नवऱ्याचा शर्टही होता. काठावर पुण्याहून आलेली कॅमेरेवाली माणसं होती, ती यांच्याकडं बघून पक्षी विसरली.

लखन तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, हसऱ्या तोंडाचा. तो पुढं येऊन पाया पडला. "आत्या, मामा, कुठं निघालाय एवढं? हिमालयात?" मग रोजच्या माणसांना सांगायचा तसा पाढा त्यानं सुरू केला. "एकेकानं चढायचं. पाय काठावर न्हाय, बरोबर मधी टाकायचा. बसल्यावर उठायचं न्हाय, काय पायजे ते मला सांगायचं. टोपी बांधून घ्या, वारं नेतंय. पक्षी दिसलं की वरडायचं न्हाय. आन् येताना वारं तोंडावर आसतंय, तवा आत्ताच गरम व्हतंय म्हून कापडं काढू नका."

जयवंता पदर खोचून चढली आणि टोकाला जाऊन बसली. पायाखाली होडी जराशी डुलली, आणि अंगाला ते असं ओळखीचं वाटलं की तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दत्तोबा काठावर बसून बूट काढायला लागले.

"मामा, बूट कशाला?"

"पान्यात शिरताना पायात कायतरी घालून शिरत्यात व्हय?" आयुष्यभर दारं धरलेला माणूस. त्याला कोण समजावणार? बूट काखेत मारून ते अनवाणी चढले आणि मागच्या फळीवर अवघडून बसले. लखननं नारिंगी जाकीट दिलं, बुडू नये म्हणून घालतात ते. पण निळ्या जाकिटावर ते बसेना, पट्टे पुरेनात. मग लखननं ते कसंबसं गळ्यात अडकवलं आणि दत्तोबांनी वरून दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

होडी निघाली. वाफ होती, अगदी तेव्हासारखी. जयवंतानं हात बाहेर काढून बोटं पाण्यात सोडली. लांबवर उथळ पाण्यात फ्लेमिंगोंची रांग दिसायला लागली, नुसते उंच पाय आणि वर फिकट गुलाबी काहीतरी. लखननं यंत्र बंद केलं, पुढं येऊन वल्हं हातात घेतलं. सगळीकडं शांत झालं. जयवंता सुखात होती. इतकी, की मागं कोण बसलंय ते जरा वेळ ती विसरलीच.

मागं दत्तोबा लांबच्या डोंगराकडं बघत नव्हते. माधवीनं बघू नको म्हणून सांगितलं होतं तिकडंच, खाली, बघत होते. होडीच्या तळाला थोडं पाणी होतं. सगळ्याच होड्यांत असतं, वल्ह्यावरून ओघळतं, लाटेचं उडतं. दत्तोबांच्या अनवाणी पायांना ते गार लागलं. वाकून बघितलं, तर मागच्या कोपऱ्यात तळालाच एक लाकडी बूच, चिंधी गुंडाळून ठोकलेलं.

आता बघा, उसात पाणी साचलं तर शेतकरी काय करतो? खालच्या अंगाचा बांध फोडतो, पाणी निघून जातं. दत्तोबांचा हात डोक्याला न विचारता चालला. दोन हिसक्यांत बूच त्यांच्या मुठीत आलं.

पाणी निघून गेलं नाही. आत आलं, बोटभर जाडीची धार, उसळून.

"जयवंता," दत्तोबा म्हणाले.

त्या माणसानं चारचौघांत तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. ती वळली. धोतर भिजलेलं, एका हातात बूच, आणि चेहरा पांढराफटक. लखन ओणव्यानं मागं आला, त्यांच्या मुठीतून बूच सोडवून घेतलं, भोकात घातलं आणि तळहातानं दाबून बसला. "काय न्हाय मामा, काय न्हाय. व्हतंय. जागचं हलू नका फकस्त." त्याच्या आवाजात घाई नव्हती, पण तो हसतही नव्हता.

जयवंता सरकत सरकत नवऱ्यापाशी आली. दत्तोबांनी तिचं मनगट धरलं ते इतकं घट्ट, की बांगड्या रुतल्या.

"मला पवता येत न्हाय," ते म्हणाले.

तिला आधी कळेचना. कालव्याकाठचा गडी. पुरात ओढ्याला दोर लावणारा. अंथुर्ण्यातलं शेंबडं पोर विहिरीत उड्या मारतं.

"कुनालाच ठावं न्हाय," दत्तोबा तिच्याकडं न बघता सांगत होते. "ल्हान हुतो. पवाय शिकवाय म्हून पाठीला रिकामा डबा बांधून चुलत्यानं हिरीत टाकलं. गाठ सैल हुती. डबा वर ऱ्हायला आन् मी खाली. काढला मला. पर तवापासनं हिरीत वाकून बघाया हुत न्हाय. समदे म्हनायचे दत्तोबाला पानी वळतं. घोट्याएवढं वळतं गं. त्याच्या फुडचं न्हाय."

तर चौथं कारण हे होतं. जयवंताला त्यांची फार दया आली. एवढी वर्षं ताटाला ताट लावून जेवलो, आणि हा माणूस एवढं भय पोटात घेऊन विहिरीवर पाणी भरत होता.

"मला येतं," ती म्हणाली.

"काय येतं?"

"पवाय. ह्या पान्यात पार पल्याडपतुर जायची मी."

दत्तोबांनी आता तिच्याकडं बघितलं. भीतीतसुद्धा माणसाला नवल वाटतं ते असं. "कधी बोलली न्हाईस ती."

"तुमी तरी कुठं बोलला?"

लखननं या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. बुचावरचा हात न काढता तो म्हणाला, "आत्या, मग तू मामास्नी धर. आन् मामा, फळीखालचा त्यो कापल्याला डबा घ्या आन् पानी भाईर टाका. बसल्या बसल्या."

काम मिळालं तसे दत्तोबांचे हात चालायला लागले. एका हातानं बायकोचं मनगट, दुसऱ्या हातानं डबा. पाणी कमी होत गेलं. तेवढ्यात सगळे फ्लेमिंगो एकदम उठले, आणि आभाळात लाल-काळे पंख उघडले. बाकी होड्यांतली माणसं बघत राहिली. जयवंतानं बघितलं नाही. ती होडीतलं पाणी संपेपर्यंत नवऱ्याच्या हाताकडं बघत होती.

काठाला लागल्यावर चहा झाला. ऊन वर आलं होतं आणि दत्तोबा तीन थरांत घामाघूम झाले होते, पण जाकीट काढा म्हणायचंही तिला धाडस होईना. परतीच्या वाटेत गाडीत रविराजनं विचारलं, "कशी झाली तालीम?" तर दत्तोबा म्हणाले, "झाली."

घरी आल्यावर जयवंतानं ते कपडे वाळवले, घड्या घातल्या आणि डांबराच्या गोळ्या टाकून कपाटात वरच्या फळीवर ठेवले. तिला वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाला वाट तरी असते. पण ज्याला पाण्याचं असं भय आहे त्याला समुद्रावर चला म्हणणारी बाई आपण व्हायचं नाही, हे तिला पटलं होतं. माधवीला फोन करायचा होता, तिकिटं राहू दे म्हणून. आज करू, उद्या करू करत तिनं तो केला नाही. संध्याकाळी फोन वाजला की ती सुनेला पुढं करायची.

संक्रांत होऊन गेली. एका दुपारी ती अंगणात शेंगा फोडत बसली होती, तर रविराज रानातून आला. त्याच्या खांद्यावर खोरं होतं, आणि ते बापाचं होतं. दांडा घासून गुळगुळीत झालेलं, लांबूनही ओळखू यावं असं.

जयवंतानं सूप बाजूला सारलं. "तुज्या आबांना काय झालं?"

"काय न्हाय. मला खोरं दिलं. म्हनलं, हितनं फुडं तू दारं धर, मला काम हाय." रविराज स्वतःच चक्रावला होता. "आन् तुला हिरीवर बोलवलंय. एकटीलाच."

ती तशीच उठली. विहीर घरामागं, लिंबाच्या पलीकडं, उतरायला दगडी पायऱ्या असलेली. दुपारचं ऊन सरळ पाण्यावर पडलं होतं. दत्तोबा खालून दुसऱ्या पायरीवर बसले होते, भिंतीला पाठ लावून, आणि पाय पाण्यापासून जपून वर घेतलेले. अंगावर माधवीचे ते आतले लोकरी कपडे, तेवढेच. कपाटातून कधी काढले कुणास ठाऊक. मांडीवर तेलाचा रिकामा डबा. आत पाणी शिरू नये म्हणून झाकणाच्या कडेनं त्यांनी पांढरं सील लावलं होतं, आणि शेजारी नवा कोरा दोर पडला होता.

"ही कापडं कशाला घातली?" जयवंतानं विचारलं.

"तालीम हाय न्हवं?"

ती त्यांच्या वरच्या पायरीवर बसली. खाली पाणी हिरवं आणि स्थिर होतं. "माधवी म्हनती, तितं पान्यात कुनी उतरत न्हाय. बर्फाचं पानी. पवता आलं काय आन् न आलं काय, सारखंच."

"आसंल." दत्तोबांनी डबा फिरवून बघितला. "पर तितं तू डोंगर बघशील आन् मी बोटीच्या बुडाकडं बघत बसंन. पुन्यांदा बूच काढलं म्हंजी?"

जयवंताला हसू आलं. दत्तोबांनी पाठ तिच्याकडं केली आणि डबा मागं धरला.

"बांध," ते म्हणाले. "मागल्या बारीला गाठ दुसऱ्यानं बांधली हुती. आता तू बांध."

तिनं दोर छातीवरून घेतला, काखेतून काढला, पाठीवर आणला. बापानं शिकवलेली जाळ्याची गाठ बोटांना आठवत होती. ओढून बघितली. पुन्हा ओढून बघितली. मग पदर कमरेला खोचला, निऱ्या मागं घेऊन कासोटा मारला. अंगात दत्तोबांचाच एक जुना शर्ट होता, त्याच्या बाह्या वर केल्या, आणि लिंबाखाली कुणी उभं आहे का ते न बघता ती पायऱ्या उतरून पाण्यात गेली. गार पाणी गळ्यापर्यंत आलं. पाय सुटले आणि अंग आपोआप तरंगलं. तिनं वळून हात पुढं केला.

दत्तोबांनी एक पाय पाण्यात घातला. घोटा बुडाला, तिथं ते थांबले.

"खोल हाय का?"

"हाय," जयवंता म्हणाली. "या."